मजुरी बाकी असताना मशीन सोडायची का?

साकीनाक्याच्या गाळ्यांत, अंधेरीच्या एमआयडीसीत, कुर्ल्याच्या गॅरेजांमध्ये दुरुस्तीचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, उधारी कधी बुडते? काम बिघडल्यामुळे बुडालेली उधारी फार थोडी. बहुतेक बुडते ती माल गेटबाहेर पडल्यावर. विजेची मोटार वर्कशॉपमध्ये असेपर्यंत पार्टीचे फोनवर फोन येतात, ‘काका, आमची लाइन बंद पडलीय, मोटार कधी देताय?’ टेम्पो निघून गेला की त्या नंबरवरून पुन्हा फोन येत नाही, आणि आपण केलेला उचलला जात नाही.

म्हणून प्रश्न असा, की मजुरी मिळाली नाही तर दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आपल्याकडे अडवून ठेवता येते का? येते. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही, कुठे नोंदणीही करावी लागत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १७० ने हा हक्क दिलेला आहे. मराठीत त्याला धारणाधिकार म्हणतात. कोर्टात, बँकेत, गोदीत सगळे ‘लिएन’ म्हणतात.

लहान वर्कशॉपवाल्यांच्या उधारीच्या फाइली बघणं हे माझं रोजचं काम, आणि या एका कलमाच्या अर्धवट माहितीपायी होणारं नुकसान पाहून वाईट वाटतं. काही जण ‘पार्टी पोलिसात जाईल’ या धास्तीनं हक्काचा माल सोडून देतात. काही जण उलट सगळी जुनी बाकी एका पंपावर वसूल करायला जातात, नाहीतर वैतागून तो पंप भंगारात घालतात, आणि पैसे घ्यायचे असलेला माणूस पैसे देणं लागून बसतो. कलम चार ओळींचं आहे, पण त्यातला एकेक शब्द वाचण्यासारखा आहे.

त्याचा अर्थ असा. एखादी वस्तू तुमच्या ताब्यात एका ठराविक कामासाठी दिली गेली, तुम्ही ठरल्याप्रमाणे त्या वस्तूवर श्रम किंवा कौशल्य लावून काम केलंत, आणि याउलट काही ठरलेलं नसेल, तर त्या कामाचा योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवण्याचा तुम्हाला हक्क आहे.

कायद्यानंच खाली दोन उदाहरणं दिली आहेत. एकानं कच्चा हिरा पैलू पाडायला आणि पॉलिश करायला जवाहिऱ्याकडे दिला, काम झालं. मजुरी मिळेपर्यंत जवाहिऱ्या हिरा ठेवून घेऊ शकतो. दुसऱ्यानं शिंप्याला कोटाचं कापड दिलं. शिंपी म्हणाला, कोट तयार झाला की लगेच देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या. इथे शिंप्याला कोट अडवता येत नाही.

हे दुसरं उदाहरण मुंबईतल्या प्रत्येक वर्कशॉपच्या भिंतीवर लावावं इतकं महत्त्वाचं आहे. कारण मोठ्या कंपनीकडून काम येतं तेव्हा सोबत परचेस ऑर्डर येते, आणि तिच्यात बारीक अक्षरात ‘पेमेंट ३० दिवस’ किंवा ‘६० दिवस’ असं लिहिलेलं असतं. ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात आपण सही-शिक्का मारून पाठवतो. त्या सहीनं आपण शिंप्याच्या जागी जाऊन बसलो. माल तयार झाला की द्यायचा, पैसे नंतर, असं आपणच कबूल केलं. कलम १७० मधले ‘याउलट काही ठरलेलं नसेल तर’ हे शब्द तिथे लागू पडतात आणि हक्क जातो. काही कंपन्यांच्या ऑर्डरमध्ये तर ‘पुरवठादाराचा मालावर कोणताही लिएन राहणार नाही’ असं सरळ कलमच असतं. ते खोडून घ्यायची ताकद लहान माणसाकडे नेहमी नसते, हे मला ठाऊक आहे. पण निदान सही करताना आपण काय सोडतोय ते समजलं पाहिजे. त्या पार्टीकडून वसुलीचा मार्ग वेगळा राहील, त्याकडे पुढे येतो.

आता ‘श्रम किंवा कौशल्य’. नुसती वस्तू सांभाळली, जागा दिली, एवढ्यावर कलम १७० चा हक्क मिळत नाही. कुणी आपला जनरेटर तुमच्या गाळ्यात चार महिने ठेवून गेला आणि भाडं दिलं नाही, तर ते भाडं जरूर मागा, पण या कलमाखाली जनरेटर अडवता येणार नाही. वार्षिक देखभालीच्या कराराचंही तसंच. इंग्लंडमध्ये १९१५ साली हॅटन नावाच्या बाईंच्या मोटारगाडीचा खटला गाजला होता. कंपनीनं वर्षभर गाडीची देखभाल करायची, आणि बाईंनी हवी तेव्हा गाडी बाहेर न्यायची असा करार होता. कोर्ट म्हणालं, गाडी आहे त्या स्थितीत ठेवणं वेगळं आणि तिच्यात सुधारणा करणं वेगळं; शिवाय मालकीण गाडी कधीही नेऊ शकत होती, मग सलग ताबा कुठे राहिला? लिएन नाही. आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही, पण त्यामागचा विचार आपल्या कलमाच्या शब्दांशी जुळतो.

आणि काम पूर्ण झालेलं हवं, ठरल्याप्रमाणे झालेलं हवं. अर्धवट उघडलेला गिअरबॉक्स दाखवून मजुरीसाठी अडून बसता येत नाही. मालकानं स्वतःच काम मध्ये थांबवलं असेल तर गोष्ट निराळी.

सगळ्यात जास्त चूक होते ती जुन्या बाकीच्या बाबतीत. समजा, एका पार्टीकडे मागच्या सात मोटारींचे ८०,००० रुपये अडकले आहेत. आठवी मोटार आली, तिचं बिल १२,००० रुपये. पार्टी १२,००० रुपये घेऊन दारात उभी. वर्कशॉपवाला म्हणतो, ‘आधीचे मिळाल्याशिवाय ही सोडणार नाही.’ माणूस म्हणून त्याचं बरोबर वाटतं. कायद्यानं तो चुकतोय. कलम १७० चा हक्क त्या वस्तूवरच्या त्या कामापुरताच आहे. १२,००० समोर ठेवले गेले की आठवी मोटार द्यावी लागते. नाही दिली तर ती बेकायदा अडवणूक ठरू शकते, आणि बंद पडलेल्या लाइनची भरपाई मागायला पार्टी मोकळी होते.

आधीच्या सगळ्या हिशेबासाठी माल राखून ठेवण्याचा व्यापक हक्क पुढच्या कलमात, १७१ मध्ये आहे, पण तो मोजक्यांनाच दिलेला आहे: बँका, मालाची विक्री करणारे फॅक्टर, धक्क्यावर माल उतरवून घेणारे व्हार्फिंजर, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी, म्हणजे वकील, आणि विमा पॉलिसीचे दलाल. यात मोटार मेकॅनिक नाही, टर्नर नाही, जळालेल्या मोटारीची कॉइल नव्यानं भरणारा रिवाइंडर नाही. आपल्या मुंबई बंदराला मात्र या यादीचा फायदा मिळाला. एका आयातदाराची आधीची बाकी होती, म्हणून पोर्ट ट्रस्टनं त्याच्या नंतर आलेल्या मालावर हक्क सांगितला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, आणि १९९९ मध्ये कोर्टानं मान्य केलं की पोर्ट ट्रस्ट व्हार्फिंजर आहे. पोर्टच्या स्वतंत्र कायद्यात वेगळा लिएन असला तरी कलम १७१ चा व्यापक हक्कही त्याला आहेच.

यादीत नाव आहे म्हणून सगळं अडवता येतं असंही नाही. मध्य प्रदेशातल्या एका सहकारी बँकेच्या वकिलानं फी थकली म्हणून खटल्यांच्या फाइली परत द्यायला नकार दिला होता. २००० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अशिलाच्या फाइली म्हणजे विकता येण्याजोगा माल नव्हे, वकिलाला त्यावर लिएन नाही. फीसाठी त्यानं इतर कायदेशीर मार्ग धरावा. वकिलानं तुमची फाइल अडवली असेल तर हा निकाल लक्षात ठेवा.

परत आपल्या मोटारीकडे. कलम १७१ च्या शेवटी एक दार उघडं ठेवलेलं आहे. बाकीच्या कुणालाही असा व्यापक हक्क नाही, ‘तसा स्पष्ट करार असल्याखेरीज’. म्हणजे रिवाइंडिंगवाल्यालाही जुन्या बाकीसाठी माल राखता येतो, फक्त पार्टीनं ते आधी लेखी मान्य केलेलं हवं. माझ्या मते सगळ्या विषयात लहान माणसाच्या हातातली सर्वात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती फुकट आहे. एक जॉबकार्ड, म्हणजे कामाच्या अटींचा कागद, छापून घ्यायचं आणि माल आत घेतानाच सही घ्यायची.

बहुतेकांकडे अटी छापलेल्या असतात, पण बिलाच्या मागे. बिल पार्टीच्या हातात पडतं काम झाल्यावर. तोवर करार होऊन गेलेला असतो, नंतर टाकलेली अट तुमच्या पदरात पडेलच असं नाही. सही इनवर्डच्या वेळची हवी. टेम्पोवाल्याची नको, पार्टीच्या जबाबदार माणसाची हवी. प्रत्यक्ष सही शक्य नसेल तर जॉबकार्डचा फोटो पार्टीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा आणि ‘मान्य आहे’ असं उत्तर आल्याशिवाय मोटार उघडू नका. तो मोबाइल आणि तो चॅट सांभाळून ठेवा. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रासह तो पुरावा म्हणून कोर्टात दाखल करता येतो.

आता गेटपाशी काय होतं ते जरा जवळून पाहू. तीस अश्वशक्तीची जळलेली मोटार आलेली. काळी पडलेली जुनी कॉइल कापून काढली, स्टेटरचे खाचे साफ केले, नवी तांब्याची तार भरली, वार्निश केलं, भट्टीत सुकवलं, बेअरिंग बदलली, मेगर लावून इन्सुलेशन तपासलं, रिकामी चालवून आवाज ऐकला. चार माणसांचे हात तिच्यावर लागले. संध्याकाळी सहा वाजता टेम्पो आला. सोबत पार्टीचा सुपरवायझर, हातात पुढच्या महिन्याच्या तारखेचा चेक. ‘काका, साहेब बाहेरगावी आहेत. चेक ठेवा, मोटार द्या, रात्रपाळी उभी आहे.’

या क्षणी काय चाललंय ते ओळखा. लिएनचा सगळा जीव ताब्यात आहे. मोटार तुम्ही स्वतःहून टेम्पोत चढवलीत की तो हक्क संपला. नंतर पश्चात्ताप होऊन तुम्ही पार्टीच्या कारखान्यात जाऊन मोटार उचलून आणू शकत नाही. तो गुन्हा होईल. तीच मोटार सहा महिन्यांनी दुसऱ्या बिघाडासाठी परत आली तर जुना हक्क पुन्हा जिवंत झाला असं धरून चालू नका. याच कारणामुळे जे पार्टीच्या जागेवर जाऊन काम करतात, लिफ्टवाले, चिलरवाले, जागेवर बॉयलर दुरुस्त करणारे, त्यांना हा हक्क मुळात मिळतच नाही. ताबा त्यांच्याकडे कधी आलेलाच नसतो. अशा कामात अ‍ॅडव्हान्स हाच उपाय.

मग चेक घ्यायचा की नाही? ती तुमची मर्जी, पण हिशेब समजून घ्या. चेक घेऊन मोटार सोडलीत तर वस्तूवरचा हक्क गेला आणि त्या जागी चेक आला. तो न वटल्यास निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याचं कलम १३८ आहे: बँकेकडून चेक परत आल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, आणि तेही गेले की पुढच्या एक महिन्यात तक्रार. या मुदतीत एक दिवसाची हयगय महागात पडते. मी असतो तर म्हटलं असतं, रात्रपाळी उभी आहे ना, मग आत्ताच ऑनलाइन पाठवा. निम्मे तरी पाठवा, आणि उरलेल्यांचा चेक द्या. पार्टीची गरज सर्वात जास्त असते ती त्या संध्याकाळी.

माल राखून ठेवला म्हणजे आपण त्याचे मालक झालो असं नव्हे. इथून पुढच्या मर्यादा फार जणांना माहीत नसतात.

पहिली आणि मोठी मर्यादा, विकता येत नाही. कलम १७० फक्त राखून ठेवू देतं. गहाण घेणाऱ्याला कलम १७६ नं योग्य नोटीस देऊन विक्रीचा हक्क दिलाय. सापडलेली वस्तू सांभाळणाऱ्यालाही कलम १६९ मध्ये काही स्थितीत विक्री करता येते, उदाहरणार्थ त्याचा कायदेशीर खर्च वस्तूच्या किमतीच्या दोन तृतीयांश झाला तर. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र असा हक्क कुठे दिलेला नाही. इंग्लंडमध्ये १९७७ च्या एका कायद्यानं, मालक वस्तू नेत नसेल तर नोटीस देऊन ती विकण्याची सोय केली. अमेरिकेत राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत, आणि गाडी दुरुस्त करणाऱ्याला ठरलेली पद्धत पाळून लिलाव करण्याची मुभा अनेक ठिकाणी आहे. आपल्याकडे १८७२ पासून हे कलम होतं तिथेच आहे, आणि ही उणीव दूर व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. दीडशे चौरस फुटांच्या गाळ्यात चार वर्षं पडून असलेला कॉम्प्रेसर म्हणजे मजुरीही गेली आणि जागाही गेली. दुकानात ‘३० दिवसांत माल न नेल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशी पाटी लावून विक्रीचा हक्क निर्माण होत नाही. जॉबकार्डवर मालकानं विक्रीला लेखी संमती दिली असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम होते. नाहीतर मजुरीचा दावा लावून कोर्टाकडून विक्रीचा आदेश मागावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ३९ नियम ६ खाली, दावा चालू असतानाही नाशवंत किंवा पडून खराब होणाऱ्या वस्तूच्या विक्रीचा हुकूम कोर्ट देऊ शकतं.

इथे एक फरक लक्षात घ्या. तुम्ही पार्टीची वस्तू दुरुस्त न करता स्वतःचं पोलाद, स्वतःचे पार्ट वापरून नवी टाकी किंवा नवी ट्रॉली बनवून विकली असेल, तर करार कायदा बाजूला राहतो आणि १९३० चा माल विक्री कायदा लागतो. त्यात पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला कलम ४७ खाली माल राखता येतो आणि कलम ५४ खाली नोटीस देऊन, वाजवी वाट पाहून दुसऱ्याला विकताही येतो. म्हणजे फॅब्रिकेटरची बाजू मेकॅनिकपेक्षा मजबूत. बिलावर ‘जॉबवर्क’ (दुसऱ्याच्या मालावर केलेलं काम) लिहायचं की ‘विक्री’, याचा परिणाम जीएसटीपुरता नसतो.

दुसरी मर्यादा जागाभाड्याची. लंडनच्या एका गोदीवाल्यानं दुरुस्तीच्या पैशांसाठी जहाज अडवलं आणि वर रोजचे २१ पौंड गोदीभाडंही मागितलं. १८६० साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते नाकारलं: जहाज तुम्ही तुमच्या हितासाठी धरून ठेवलंत, त्याचा खर्च मालकाच्या माथी कसा? म्हणून रोजचं भाडं हवं असेल तर ते आधी ठरलेलं हवं. बिलात नंतर घुसडलेलं भाडं टिकणं कठीण, आणि ते मिळाल्याशिवाय माल देत नाही म्हणालात तर चांगला हक्कही धोक्यात येतो.

तिसरी, वापरता येत नाही. अडवलेला जनरेटर आपल्या गाळ्यात लोडशेडिंगला लावायचा नाही. कलम १५१ प्रमाणे एखादा शहाणा माणूस स्वतःची वस्तू सांभाळेल तितकी काळजी घ्यावीच लागते. आपल्याकडे तळमजल्याच्या गाळ्यांत पाणी शिरणं नवं नाही. २६ जुलै २००५ कुणी विसरलेलं नाही. जूनच्या आधी राखून ठेवलेली मोटार लाकडी पॅलेटवर चढवा, ताडपत्री घाला, फोटो काढून ठेवा.

पोलिसांच्या धमकीचं काय? ‘अमानत में खयानत लावतो’ असं पार्टी हमखास म्हणते. विश्वासघाताच्या गुन्ह्याला, आताच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ ला, अप्रामाणिक हेतू लागतो. खऱ्या बिलासाठी, कायद्यानं दिलेल्या हक्कानं, लेखी कळवून माल राखणं यात तो नसतो. उलट कायद्याचं एक उदाहरण ऐकून पार्टी चकित होईल. १८६० च्या दंडसंहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाचा दाखला होता आणि न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्येही तो आहे: दुरुस्तीचे पैसे बाकी असल्यानं घड्याळजीनं घड्याळ कायदेशीरपणे राखून ठेवलंय, आणि त्याचं तारण बुडवण्याच्या इराद्यानं मालकानं ते परस्पर उचलून नेलं, तर मालकानं चोरी केली. स्वतःच्याच घड्याळाची! मात्र त्याआधीचा दाखलाही तिथेच आहे: काही देणं नसताना मालकानं आपलं घड्याळ जबरदस्तीनं नेलं तर ती चोरी नाही. म्हणजे सगळं खऱ्या बाकीवर अवलंबून आहे. म्हणून माल राखायचा ठरवलात की त्याच दिवशी पत्र पाठवा: कोणती वस्तू, कोणतं डिलिव्हरी चलान, किती रक्कम, कलम १७० खाली राखली आहे, रक्कम मिळताच देऊ.

ज्यांचा हक्क क्रेडिटमुळे किंवा ताबा सुटल्यामुळे गेलाय, त्यांच्यासाठी २००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा आहे. ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला पार्टीनं ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे; लेखी मुदतच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. ऑर्डरवर ९० दिवस लिहिलेले असले तरी कायद्याचे ४५ दिवसच चालतात. तक्रार सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते, आणि परिषदेच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर पार्टीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. शिवाय २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या अशा बिलाची वजावट पार्टीला आयकरात प्रत्यक्ष पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. मार्चमध्ये पार्टीच्या अकाउंटंटला हे आठवण करून द्या. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. वसुलीचा दिवाणी दावा लावायचा तर साधारणपणे काम झाल्यापासून तीन वर्षं, आणि रक्कम तीन लाख किंवा वर असलेल्या व्यापारी वादात तातडीचा दिलासा मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे.

जीएसटीचाही एक कोपरा आहे. पार्टीनं कर न भरता जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली यंत्र तीन वर्षांत परत गेलं पाहिजे, नाहीतर ते पुरवठा धरून पार्टीवर कर बसतो. डाय, मोल्ड, जिग, फिक्स्चर आणि टूल यांना ही मुदत नाही. प्लास्टिक मोल्डिंगवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. मोल्ड अडवून पार्टीवर हा दबाव येत नाही.

वस्तू पार्टीची नसेल तर? कंत्राटदार भाड्यानं आणलेला काँक्रीट फोडायचा ब्रेकर दुरुस्तीला टाकतो, किंवा गाडी बँकेच्या कर्जावर असते. मालक येऊन म्हणतो, मी तुम्हाला काम सांगितलंच नव्हतं. मग दुरुस्ती सांगण्याचा अधिकार त्या माणसाला होता का, यावर सगळं फिरतं. बँकेनं थकलेल्या कर्जासाठी तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याचा धाक दाखवला तर इतकं माहीत असू द्या, की त्याच कायद्याच्या कलम ३१(अ) नं करार कायद्याखालचा लिएन त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवलाय. याचा अर्थ बँक हरली असा नाही. वाद सरफेसीच्या वाटेनं सुटणार नाही, एवढाच. आणि पार्टी कंपनी असून एनसीएलटीत, म्हणजे कंपनी न्यायाधिकरणात, दिवाळखोरी प्रक्रिया सुरू झाली असेल तर लगेच वकील गाठा. ती प्रक्रिया चालवणाऱ्या रिझोल्युशन प्रोफेशनलकडे दावा मुदतीत, माल आपल्या ताब्यात आहे हे लिहून, गेला पाहिजे.

जहाजांचा संसार वेगळा आहे. दारुखान्यात किंवा माझगावला जहाजाचं इंजिन दुरुस्त करणाऱ्याचा दावा २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी, म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांच्या कायद्यात सागरी दावा म्हणून मोडतो आणि त्यासाठी मुंबई हायकोर्टाकडून जहाज अटकेत ठेवता येतं. पण सागरी लिएनचा पहिला मान तिथे खलाशांच्या पगाराला आहे, मग जीवितहानी, बचावकार्य, बंदराची देणी. दुरुस्ती त्या यादीत नाही आणि नोंदलेल्या गहाणाच्याही मागे येते. जहाज स्वतःच्या गोदीत असेल तर ते सोडण्यापूर्वी हा क्रम आठवावा.

जॉबकार्डवर काय छापायचं ते सांगतो. आपल्या वकिलाकडून एकदा नजरेखालून घाला. वस्तू कोणाच्या मालकीची, स्वतःची, भाड्याची की कर्जावरची. काम काय आणि अंदाजे किती रुपये; वाढीव काम निघाल्यास आधी मंजुरी घेणार. माल देण्याआधी पूर्ण पैसे. ‘या कामाची आणि आमच्या आधीच्या सर्व कामांची बाकी मिळेपर्यंत ही वस्तू राखून ठेवण्याचा वर्कशॉपला हक्क राहील.’ काम झाल्याचं कळवल्यापासून अमुक दिवसांनंतर रोजचं अमुक भाडं. अमुक महिन्यांत न नेल्यास लेखी नोटीस देऊन विक्रीस ग्राहकाची संमती, बाकी वजा करून उरलेले पैसे ग्राहकाला परत. खाली सही, नाव, तारीख.

आणि तुम्ही स्वतः ग्राहक असाल, गॅरेजनं फुगवलेलं बिल हातात देऊन गाडी अडवली असेल, तर भांडत बसून गाडी महिनाभर तिथे सडू देऊ नका. मंजूर केलेल्या कामाचे पैसे लेखी देऊ करा. वाद असलेली रक्कमही द्यावीच लागली तर ‘हरकत नोंदवून भरत आहे’ असं बिलावर लिहून, मेसेजमध्ये कळवून भरा, गाडी ताब्यात घ्या, बदललेले जुने पार्ट मागून घ्या. घरगुती वापराची गाडी असेल तर ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि त्यासाठी घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते.